पोलादी कडेचा पुरावा : कायरोप्रॅक्टिकमधील साधनसाहाय्यित मृदुऊती उपचारांची चिकित्सा

बीजशब्द : कायरोप्रॅक्टिक, मृदुऊती, ग्रास्टन तंत्र, गुआ शा, यादृच्छिक नियंत्रित चाचणी, प्लासिबो

प्रास्ताविक

अमेरिकेत पाठीच्या, खांद्याच्या किंवा टाचेच्या जुनाट दुखण्यासाठी कायरोप्रॅक्टरकडे गेलेल्या रुग्णावर केवळ मणक्याला झटका देण्याचाच उपचार होतो असे आता राहिलेले नाही. दुखऱ्या भागावर मलम लावून त्यावरून बोथट कडेचे, वक्राकार, चकचकीत पोलादी साधन ठराविक कोनात आणि दाबाने फिरवले जाते. कातडी लाल होते, कधी तिच्यावर बारीक ठिपके उठतात, दुसऱ्या दिवशी तो भाग काळानिळाही पडतो. या प्रक्रियेस साधनसाहाय्यित मृदुऊती उपचार म्हणतात. मृदुऊती या संज्ञेत स्नायू, कंडरा, अस्थिबंध आणि या सर्वांना वेढणारे संयोजी आवरण, म्हणजे फॅशिया, यांचा समावेश होतो. या उपचारामागील प्रचलित स्पष्टीकरण थोडक्यात असे आहे : दुखापतीनंतर किंवा वारंवार पडणाऱ्या ताणामुळे ऊतींमध्ये व्रणतंतू निर्माण होतात व त्यांचे थर एकमेकांना चिकटतात; साधनाच्या कडेखाली ही चिकटण खरखरीच्या रूपाने उपचारकर्त्याच्या हाताला जाणवते; आणि त्याच कडेने ती मोडून काढता येते.

प्रस्तुत लेखाचा रोख या स्पष्टीकरणावर आहे. कोणत्याही उपचाराबाबत तीन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात. रुग्णाला बरे वाटले काय? ते त्या उपचारामुळेच वाटले काय? आणि उपचारकर्ता सांगतो त्याच कारणाने वाटले काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर रुग्ण देऊ शकतो, दुसऱ्यासाठी तुलना लागते, तिसऱ्यासाठी ऊतीच्या आत पाहावे लागते. साधनसाहाय्यित उपचारांच्या समर्थनार्थ जे साहित्य लिहिले गेले आहे, त्यात पहिल्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर पुष्कळदा उरलेल्या दोन्ही प्रश्नांच्या खात्यावर जमा केलेले आढळते.

हातापासून साधनापर्यंत

कायरोप्रॅक्टिकचा आरंभ अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे १८९५ साली झाला. डॅनियल डेव्हिड पामर यांनी मणक्यांच्या सूक्ष्म स्थानभ्रंशाला, त्यांच्या भाषेत 'सब्लक्सेशन'ला, बहुतेक सर्व रोगांचे मूळ ठरवले आणि तो हाताने दुरुस्त करण्याची पद्धत शिकवली. या पद्धतीच्या नावातच हात आहे. 'कायरो' म्हणजे हात आणि 'प्रॅक्टिक' म्हणजे केलेले काम, अशी तिची ग्रीक व्युत्पत्ती. या व्यवसायात प्रारंभापासून दोन तट पडले. केवळ मणक्यावरील हस्तोपचार मानणारे ते 'स्ट्रेट', म्हणजे निर्भेळ. इतर उपचारांची जोड देणारे ते 'मिक्सर', म्हणजे मिश्र. स्नायू व कंडरांवर साधन फिरवणारा आजचा कायरोप्रॅक्टर हा अर्थातच या दुसऱ्या परंपरेचा वारस होय.

तथापि साधनाचे आकर्षण पहिल्या तटालाही चुकले नव्हते. संस्थापकाचे चिरंजीव बी. जे. पामर यांनी १९२४ साली 'न्यूरोकॅलोमीटर' नावाचे यंत्र पुढे आणले. कण्याच्या दोन्ही बाजूंच्या तापमानातील फरक मोजून सब्लक्सेशन कोठे आहे ते हे यंत्र दाखवते, असा त्यांचा दावा होता. यंत्र विकत मिळत नसे, ते भाडेपट्ट्याने घ्यावे लागे. आणि त्याशिवाय अचूक कायरोप्रॅक्टिक करता येणार नाही, असे सांगितले जाई. त्यावरून पामर यांच्या शाळेत फूट पडली, नामवंत अध्यापक बाहेर पडले आणि त्यांनी १९२६ मध्ये इंडियानापोलिस येथे स्वतंत्र महाविद्यालय काढले. हा जुना प्रसंग येथे सांगण्याचे कारण एवढेच की, हाताच्या कौशल्यावर उभ्या असलेल्या व्यवसायात साधन हे केवळ सोयीसाठी येत नाही. हाताला जे कळते ते इतरांना दाखवता येत नाही; यंत्राचा काटा दाखवता येतो. साधनाबरोबर वस्तुनिष्ठतेचा दावा येतो, प्रशिक्षण येते आणि प्रशिक्षणाचे शुल्कही येते.

योगायोग असा की, साधनसाहाय्यित मृदुऊती उपचारांतील सर्वांत प्रसिद्ध पद्धतीचे मूळही इंडियाना राज्यातच सापडते. डेव्हिड ग्रास्टन यांच्या गुडघ्याला पाण्यावरील स्कीइंग करताना दुखापत झाली. नेहमीच्या उपचारांनी हालचाल पुरेशी परतली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच धातूची साधने घडवून ती गुडघ्यावर वापरून पाहिली. १९९०च्या दशकात त्यातून 'ग्रास्टन तंत्र' आकाराला आले. निरनिराळ्या वक्रतेची सहा स्टेनलेस स्टीलची साधने, ती वापरण्याचे प्रमाणित प्रशिक्षण आणि नोंदणीकृत नाव, असे या तंत्राचे स्वरूप आहे. कायरोप्रॅक्टर, फिजिओथेरपिस्ट व क्रीडाप्रशिक्षक या तिन्ही वर्गांत ते पसरले.

एका माणसाचा गुडघा बरा होणे ही या तंत्राची मूळकथा आहे आणि ती खोटी मानण्याचे काही कारण नाही. परंतु गुडघा काळानेही सुधारतो, व्यायामानेही सुधारतो. एकट्या माणसाच्या अनुभवात या तीन गोष्टी विलग करता येत नाहीत. म्हणून ती कथा शोधाची प्रेरणा ठरते, शोधाचा पुरावा ठरत नाही.

या तंत्राला एक वैद्यकीय पूर्वजही आहे. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील डॉ. जेम्स सिरिअक्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास कंडरा व अस्थिबंधांच्या तंतूंना आडवे असे खोल मर्दन प्रतिपादले होते. ते बोटांच्या टोकांनी करावयाचे असल्याने उपचारकर्त्याची बोटे आणि अंगठा दुखून येत. साधनाने हा भार कमी होतो. साधनाचा हा निर्विवाद लाभ. मात्र तो रुग्णाचा नसून उपचारकर्त्याचा आहे.

प्रचारसाहित्यात आणखी दोन पूर्वज सांगितले जातात. एक ग्रीक-रोमन 'स्ट्रिजिल'. तेल, घाम व धूळ अंगावरून निपटून काढण्याचे ते वक्र धातूचे पाते होते. स्नानगृहातील ती खरवडणी होय. कंडरेच्या उपचाराशी तिचा संबंध जोडणे हा इतिहास नसून वंशावळीची हौस आहे. दुसरा पूर्वज मात्र गंभीरपणे घ्यावा असा आहे. चिनी परंपरेतील 'गुआ शा' या उपचारात तेल लावलेल्या कातडीवर शिंगाच्या, जेडच्या किंवा चिनीमातीच्या चमच्याच्या कडेने ओरखडे न पडू देता घासतात व त्यामुळे लाल-जांभळे ठिपके उठतात. क्रिया पाहिली तर दोहोंत फारसे अंतर नाही. स्पष्टीकरणे पाहिली तर मात्र एका टोकाला तुंबलेली 'ची' आणि रक्त यांचा निचरा आहे, तर दुसऱ्या टोकाला व्रणतंतूंचे भंजन. चिनी परंपरेत उठलेले ठिपके हे उपचार फळाला आल्याचे लक्षण असते. ग्रास्टनच्या परंपरेत तेच ठिपके कधी अपेक्षित, तर कधी अतिदाबाचा दुष्परिणाम मानले जातात. एकाच क्रियेला दोन परस्परभिन्न स्पष्टीकरणे तितकीच सहज लागू पडत असतील, तर क्रियेच्या यशाने त्यांतील कोणतेही सिद्ध होत नाही.

उंदरांच्या कंडरा

समर्थनाचा पहिला वैज्ञानिक आधार प्राण्यांवरील प्रयोगांचा आहे आणि तो नाकारण्यासारखा नाही. इंडियानातील मन्सी येथे १९९०च्या दशकात झालेल्या प्रयोगांत उंदरांच्या टाचेमागील कंडरेला विकराच्या साहाय्याने इजा करून नंतर साधनाने दाब देण्यात आला. १९९७ व १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात तंतुजनक पेशींची संख्या वाढल्याचे आणि दाब अधिक असता ही वाढही अधिक असल्याचे दिसले. म्हणजे दाबाला ऊती प्रतिसाद देते, एवढे येथे दिसते.

याहून महत्त्वाचा अभ्यास २००९ चा. टेरी लोगमानी व स्ट्युअर्ट वॉर्डन यांनी उंदरांच्या दोन्ही गुडघ्यांतील अस्थिबंधांना इजा केली, पण साधनाने मर्दन एकाच गुडघ्याला दिले. त्यामुळे प्रत्येक उंदीर स्वतःच स्वतःचा तुलनागट झाला. रचनेच्या दृष्टीने हा प्रयोग देखणा म्हणावा लागेल. चार आठवड्यांनंतर उपचार मिळालेला अस्थिबंध ४३ टक्क्यांनी अधिक बळकट आढळला. हा आकडा समर्थनपर लेखांत वारंवार येतो. त्याच अभ्यासातील पुढचे निरीक्षण तितक्या वेळा येत नाही : बारा आठवड्यांनंतर दोन्ही बाजूंतील फरक जवळजवळ मिटला होता. अस्थिबंध लवकर भरून आला, पण अखेरीस अधिक चांगला भरून आला असे नाही. ताज्या दुखापतीतून लवकर सावरू पाहणाऱ्या खेळाडूला या निष्कर्षात कदाचित अर्थ असेल. तीन वर्षांपासून मान धरलेल्या कारकुनाला त्याचा आधार देता येत नाही. त्याच्या मानेत ताजी जखम नाही आणि जुनी जखम असल्याचेही बहुधा कोणी दाखवलेले नसते.

येथे आणखी एक विसंगती नोंदवली पाहिजे. उंदरांवरील हे प्रयोग भरून येणाऱ्या ऊतीत नवनिर्मितीला चालना मिळते असे सुचवतात. चिकित्सालयात मात्र रुग्णाला जुनी चिकटण मोडल्याचे सांगितले जाते. निर्मिती आणि भंजन या दोन भिन्न गोष्टी आहेत. ती मोडण्यासाठी किती बळ लागेल, हा प्रश्न २००८ साली हन्स चौधरी व सहकाऱ्यांनी गणिती प्रतिमानाच्या आधारे हाताळला. तळव्याखालील व मांडीच्या बाहेरील जाड फॅशियात केवळ एक टक्का विरूपण घडवण्यासाठीही जे बळ लागेल, ते हस्तोपचारात माणसाला लावता येणाऱ्या बळाच्या पलीकडचे असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. प्रतिमान म्हणजे प्रत्यक्ष शरीर नव्हे, आणि पातळ आवरणांबाबत हा निष्कर्ष तसाच लागू होत नाही. तरीही टाचदुखीच्या रुग्णाला 'तळव्यातली गाठ मोडली' असे सांगणाऱ्याने या गणिताला उत्तर देणे आवश्यक आहे.

माणसांवरील चाचण्या

या साऱ्या चर्चेत कायरोप्रॅक्टिकच्या दृष्टीने सर्वांत बोलका अभ्यास २०१६ साली ऑस्ट्रेलियातील मर्डॉक विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्याचा तपशील थोडा विस्ताराने पाहणे उचित ठरेल, कारण तो विरोधकांनी नव्हे, तर कायरोप्रॅक्टिक क्षेत्रातीलच अभ्यासकांनी केला व कायरोप्रॅक्टिकच्याच नियतकालिकात छापला. पाठीच्या मधल्या भागात, फासळ्यांच्या पातळीवर, निश्चित कारण न सापडणारे दुखणे असलेल्या १४३ व्यक्तींची यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला मणक्यावरील हस्तोपचार, दुसऱ्याला ग्रास्टन तंत्र आणि तिसऱ्याला निष्प्रभ केलेल्या अल्ट्रासाउंड यंत्राचा देखावा, म्हणजेच प्लासिबो, देण्यात आला. दुखणे व अकार्यक्षमता यांची मापने वर्षभर घेतली गेली. तिन्ही गट सुधारले. तिन्ही गटांत कोणत्याही टप्प्यावर अर्थपूर्ण फरक आढळला नाही.

या निकालाचे वाचन दोन प्रकारांनी करता येते. ग्रास्टन तंत्राने रुग्ण सुधारले, हे विधान खरे आहे; चिकित्सालयाच्या भिंतीवर ते लावता येईल. पण बंद यंत्र फिरवल्यानेही ते तितकेच सुधारले, हेही त्याच तक्त्यातील विधान आहे. तिसरा गट नसता तर या अभ्यासातून दोन यशस्वी उपचार निघाले असते. वस्तुतः मणक्याचा झटका आणि पोलादी साधन, म्हणजे या व्यवसायाची जुनी व नवी ओळख, दोन्ही येथे एकाच वेळी कसोटीला लागल्या. हा निकाल छापणाऱ्या संशोधकांचा प्रामाणिकपणा या उपचारांवरील एकूण साहित्यात उठून दिसतो.

इतर चाचण्या लहान आहेत, पण त्यांचा कल फारसा वेगळा नाही. २००७ साली मनगटातील मज्जातंतू दाबल्याने होणाऱ्या विकारावर साधनाने केलेले मर्दन आणि नुसत्या हाताने केलेले मर्दन यांची तुलना झाली. दोन्ही गट सुधारले, साधनाचे श्रेष्ठत्व दिसले नाही. २०११ साली कॅनडातील क्वेबेकमध्ये कोपराच्या बाहेरील बाजूच्या दुखण्यावर साधनोपचार एकीकडे आणि सल्ला, ताणाचे व्यायाम, बर्फ यांसह दुखण्याचा नैसर्गिक क्रम दुसरीकडे, अशी तुलना करण्यात आली. तेथेही दोन्ही गट सुधारले. अशी दुखणी पुष्कळदा आपल्या गतीने ओसरतात आणि त्या ओसरण्याचे श्रेय त्या वेळी जे हातात असेल त्याला मिळते.

साधनाच्या बाजूने जे काही ठामपणे नोंदवता येते ते मुख्यतः तात्कालिक हालचालीविषयी आहे. २०१४ च्या एका अभ्यासात महाविद्यालयीन बेसबॉल खेळाडूंच्या खांद्यामागील भागावर एकदाच साधन फिरवल्यावर खांद्याची हालचाल वाढल्याचे आढळले. मात्र हे खेळाडू दुखणेकरी नव्हते आणि मापन उपचारानंतर लगेच घेतलेले होते. कॅनडातील कायरोप्रॅक्टिक संघटनेच्या नियतकालिकात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतशीर आढाव्यात केवळ सात यादृच्छिक चाचण्या निकषांत बसल्या. अल्पकाळ हालचाल वाढण्यास काही आधार आहे, पण विकार बरे करण्याबाबतचा पुरावा अपुरा आहे, असा त्याचा सूर होता. २०१९ सालच्या आणखी एका मोठ्या आढाव्याने वेदना, कार्यक्षमता व हालचाल या तिन्ही बाबतींत प्रचलित पुरावा या उपचाराला पाठबळ देत नाही, असे स्पष्ट म्हटले. अनुकूल निष्कर्ष काढणारे लेखही प्रसिद्ध होत आले आहेत. परंतु लहान नमुना, अल्प कालावधी आणि प्लासिबोचा अभाव या तीन उणिवा त्यांपैकी अनेकांत एकत्र नांदतात.

खरखर आणि लाली

पुरावा इतका विरळ असताना स्पष्टीकरणावरील विश्वास इतका दाट का, हा यातील खरा रोचक प्रश्न आहे. त्याचे उत्तर साधनातच आहे. पोलादाची कडक कड कातडीवरून सरकताना खालच्या उंचसखलपणाची कंपने हातापर्यंत पोचवते. उपचारकर्त्याला खरोखरच काहीतरी जाणवते. रुग्णालाही ती खरखर ऐकू येते, जाणवते. मात्र जे जाणवले ते व्रणतंतूच होते, हे कशावरून? स्नायूंची नैसर्गिक रचना, चरबीचे कप्पे, कंडरेची कड, मलमाचे कमीअधिक प्रमाण यांनीही स्पर्श बदलतो. खरखर जाणवली म्हणून चिकटण आहे असे ठरते, चिकटण आहे म्हणून साधन फिरवले जाते आणि खरखर कमी झाली म्हणून चिकटण मोडली असे मानले जाते. निदान, उपचार व यशाची खूण ही तिन्ही कामे एकच साधन, एकाच हातात, एकाच बैठकीत करते. बाहेरच्या साक्षीदाराला या वर्तुळात प्रवेशच नाही. न्यूरोकॅलोमीटरच्या काट्याशी या खरखरीचे नाते येथे उघड होते.

लालीचेही तसेच. गुआ शावरील २००७ सालच्या एका लहान प्राथमिक अभ्यासात निरोगी व्यक्तींच्या कातडीतील सूक्ष्म रक्ताभिसरण घासल्यानंतर पहिल्या साडेसात मिनिटांत सुमारे चौपट झाल्याचे मोजले गेले. कातडी घासली की रक्त पृष्ठभागाकडे येते, ही बाब यावरून पक्की होते. खोलवरच्या कंडरेचा विकार बरा होतो, ही होत नाही. परंतु रुग्णाच्या दृष्टीने लाल झालेली पाठ ही घडलेल्या उपचाराची पावती असते. गोळी घेतल्यावर काहीच दिसत नाही, येथे दिसते. बरे वाटण्यामागे स्पर्शाने बदललेली वेदनासंवेदना, मिळालेले लक्ष, अपेक्षा आणि या दृश्य पावतीचे वजन या सर्वांचा वाटा असू शकतो, असा विचार वेदनाविज्ञानात केला जातो. तसे असेल तर तो परिणाम तुच्छ मानण्याचे कारण नाही. वेदना कमी झाली तर ती कमीच झालेली असते.

मग स्पष्टीकरण चुकीचे असले तर बिघडले काय, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. बिघडते ते असे. आपल्या शरीरात व्रणांच्या गाठी दडलेल्या आहेत आणि त्या दुसऱ्याने पोलादाने मोडल्याशिवाय सुटका नाही, असे रुग्णाला शिकवले की तो हालचालीला भिऊ लागतो व पुन्हा पुन्हा टेबलावर येतो. व्यायाम आणि क्रमाक्रमाने वाढवलेला भार यांची शिफारस कंडरेच्या जुनाट दुखण्यात केली जाते. पण ती रुग्णाने स्वतः करावयाची गोष्ट असल्याने मोडण्याच्या भाषेपुढे ती फिकी पडते. शिवाय अधिक दाब म्हणजे अधिक भंजन, ही कल्पना एकदा रुजली की काळेनिळे डाग गुणवत्तेचे प्रमाणपत्र ठरतात. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्या किंवा नाजूक कातडीच्या वृद्ध व्यक्तीबाबत ही कल्पना धोक्याची आहे.

मराठी मुलखातील संदर्भ

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. ही साधने येथे प्रामुख्याने फिजिओथेरपीच्या मार्गाने आली. घासण्याच्या उपचाराची कल्पना मात्र मराठी घरांना परकी नव्हती. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासण्याची चाल अनेक घरांत होती. पायांची आग कमी व्हावी, झोप लागावी एवढीच तिच्याकडून अपेक्षा असे. वाटीचा तळ काळा झाला की अंगातील उष्णता निघाली, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः धातू आणि स्निग्ध पदार्थ यांच्या घर्षणाने तो काळा पडणे स्वाभाविक आहे. दिसणारी खूण आणि तिचे सांगितले जाणारे कारण यांतील अंतर समजावून देण्यास याहून घरगुती उदाहरण मिळणे कठीण. फरक इतकाच की, वाटी घासणाऱ्या आजीने त्यासाठी प्रशिक्षणाचे शुल्क कधी घेतले नाही.

राज्यातील फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या पदव्युत्तर प्रबंधांत हे तंत्र आता परिचयाचे झाले आहे. मांडीमागच्या स्नायूंचा ताठरपणा, मानदुखी, टाचदुखी हे विषय त्यात आवर्जून येतात. विद्यार्थ्याच्या हाती थोडा काळ आणि थोडे रुग्ण असतात, त्यामुळे 'उपचारापूर्वी' व 'उपचारानंतर' अशी दोन मापने घेऊन दोन क्रियाशील उपचारांची तुलना करण्याकडे कल झुकतो. दोन्ही गट सुधारतात आणि दोन्ही उपचार परिणामकारक असल्याचा निष्कर्ष लिहिला जातो. मर्डॉकच्या अभ्यासातून तिसरा गट वगळला असता जे चित्र उरले असते, तेच हे चित्र होय. अशा प्रबंधांचे मार्गदर्शक आणि त्यांवरील लेख तपासणारे समीक्षक ही महाविद्यालयीन अध्यापकांचीच मंडळी आहेत. लहान नमुन्यातही एक फेरफार त्यांना सुचवता येण्यासारखा आहे. तुलनागटाला तेच मलम, तितकाच वेळ, तोच उपचारकर्ता आणि तेच साधन द्यावे, मात्र दाब नाममात्र ठेवावा. मापन करणाऱ्यास कोणता रुग्ण कोणत्या गटातील हे ठाऊक नसावे. आणि ते उपचारानंतर लगेच न घेता निदान महिन्याभराने पुन्हा घ्यावे. फरक आढळला नाही, तर तसा निष्कर्ष असलेला लेखही छापण्याची तयारी संपादकांनी ठेवावी.